‘झनक झनक पायल बाजे’चा लाल नेमका कोणता? (रंग मोजण्याआधी वाचा)

‘झनक झनक पायल बाजे’ तुम्ही कुठे पाहिलात? थिएटरात पाहिलेले वाचक इथे फारसे नसतील. कुणी आजीसोबत टीव्हीवर, कुणी घरातल्या जुन्या व्हीसीडीवर, आणि बाकी आपण सगळे मोबाईलवर, कुणीतरी अपलोड केलेल्या प्रतीत. आता दोन वेगवेगळ्या अपलोड शेजारी शेजारी लावून गोपीकृष्णांच्या नाचाची तीच फ्रेम थांबवा. एकीकडे लाल रंग कुंकवासारखा दिसेल, तर दुसरीकडे विटेसारखा. मग व्ही. शांताराम यांनी १९५५ साली पडद्यावर दाखवला तो लाल यातला कोणता? की दोन्ही नाही?

हा प्रश्न सिनेमाच्या शौकिनांचा वाटेल, पण आज तो तुमच्यासाठी घेतला आहे, कारण तुमच्यापैकी बरेच जण सध्या संशोधन आराखडा लिहीत आहात. ‘जुन्या हिंदी संगीतपटांतील रंगसंगतीचे संगणकीय विश्लेषण’ अशा धर्तीचा विषय हल्ली फार आकर्षक वाटतो. पायथॉन येतं, व्हिडिओ फुकट मिळतात, हजारो फ्रेममधून मुख्य रंग काढायला एक संध्याकाळ पुरते. आलेख सुंदर येतात. त्याखाली ‘शांतारामांच्या चित्रपटांत लाल-नारिंगी छटांचे प्राबल्य आढळते’ असं वाक्य लिहिलं की निष्कर्ष तयार. माझं म्हणणं एवढंच की त्या आलेखात शांताराम किती आणि पन्नास-साठ वर्षांत झालेली फिल्मची झीज किती, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. नाही आलं, तर तुम्ही शांतारामांविषयी काहीच मोजलेलं नाही.

सुरुवात अगदी मुळापासून करू. आपल्या नाशिकचा संबंधही तिथेच येतो.

त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके सिनेमात येण्याआधी छपाईच्या धंद्यात होते. १९०९ मध्ये ते तिरंगी छपाईचं तंत्र आणि यंत्रसामग्री आणायला जर्मनीला गेले होते. तिरंगी छपाई म्हणजे काय, तर चित्राचे तीन ठसे करायचे, प्रत्येकाला वेगळी शाई लावायची आणि एकाच कागदावर एकावर एक उमटवायचे. ठसा केसभर सरकला तरी कडेला रंगाची झालर दिसते. वर्तमानपत्राच्या रंगीत पानावर नेत्याच्या कानाशेजारी दुसरा गुलाबी कान दिसतो ना, तेच ते.

टेक्निकलरची प्रिंट हीदेखील मूलतः अशीच छपाई होती! पिवळा, निळसर-हिरवा (म्हणजे सायन) आणि किरमिजी (म्हणजे मॅजेंटा) अशा तीन रंगांसाठी तीन जिलेटिनचे ठसे बनवायचे, ते रंगात भिजवायचे आणि कोऱ्या फिल्मवर एकामागून एक दाबायचे. फिल्मवर बसणारा रंग बाहेरून आणलेला असल्यामुळे तो निवडताना टिकाऊपणा बघता यायचा. टेक्निकलरच्या चांगल्या जपलेल्या प्रिंट आजही टवटवीत दिसतात त्या त्यामुळेच. त्यातही १९३० ते १९५० च्या दशकातल्या तीन पट्ट्यांच्या कॅमेऱ्यात रंग मुळी नसायचाच. लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाच्या तीन कृष्णधवल निगेटिव्ह असायच्या. त्यातली प्रतिमा चांदीची. रंगच नाही तर उडणार काय?

(जाता जाता: शांतारामांचाही रंगाच्या बाबतीत पहिला प्रवास जर्मनीकडेच झाला. प्रभातच्या ‘सैरंध्री’ची, म्हणजे १९३३ सालची, रंगीत प्रक्रिया तिकडे करून घेतली होती. रंग मनासारखे उतरले नाहीत. रंगासाठी जर्मनी गाठणारी आपल्याकडची ही दोन माणसं एकत्र घेऊन कुणीतरी नीट लिहायला हवं.)

यानंतर आला ईस्टमनकलर, १९५० पासून. एकाच फिल्मवर तीन थर, आणि रंग धुलाईच्या वेळी रासायनिक क्रियेने त्या थरांतच तयार होणार. कॅमेरा साधा, खर्च कमी, त्यामुळे जगभर तोच पसरला. तीन पट्ट्यांचे अवाढव्य कॅमेरे १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बंदच पडले. त्यानंतरही ‘टेक्निकलर’ ही अक्षरं श्रेयनामावलीत दिसत राहिली, पण ती प्रिंट कशी छापली एवढंच सांगतात. कॅमेऱ्यात कोणती फिल्म होती ते सांगत नाहीत. मेहबूब खान यांचा ‘आन’ (१९५२) तर १६ मिमी फिल्मवर चित्रित करून मग टेक्निकलरमध्ये नेला होता. तेव्हा पडद्यावरचं श्रेय वाचून ‘मूळ सामग्री: टेक्निकलर’ असं आराखड्यात लिहू नका. परीक्षकांपैकी एखाद्याला माहिती असलीच तर पहिला प्रश्न तिथेच येईल.

ईस्टमनकलरची अडचण अशी की थरात तयार झालेले ते रंग अस्थिर होते. अंधारात, बंद डब्यात ठेवूनसुद्धा उडायचे. त्या काळच्या प्रिंटमध्ये सायन सर्वात आधी जातो, पिवळाही कमी होतो आणि किरमिजी टिकून राहतो. म्हणून जुनी प्रिंट गुलाबी दिसते. गावातल्या जत्रेत तंबूत पाहिलेला सिनेमा लालसर असायचा असं घरातली मोठी माणसं सांगतात, त्याचं कारण हेच.

यातून एक विचित्र गोष्ट घडते. ‘द विझार्ड ऑफ ऑझ’ १९३९ सालचा, ‘माय फेअर लेडी’ १९६४ सालचा. दोन्ही हॉलिवूडचे गाजलेले संगीतपट. रंगांच्या दृष्टीने अधिक संकटात होता तो पंचवीस वर्षांनी धाकटा सिनेमा! ‘ऑझ’च्या तिन्ही चांदीच्या निगेटिव्ह स्कॅन करून संगणकावर एकमेकींवर तंतोतंत बसवता आल्या, फाळक्यांना कागदावर जे जमवावं लागे तेच, फक्त बिंदूच्या पातळीवर. ‘माय फेअर लेडी’ची रंगीत निगेटिव्ह मात्र तीस वर्षांत फिकी पडली होती, आणि १९९४ साली रॉबर्ट हॅरिस आणि जेम्स कॅट्झ यांना ती अक्षरशः वाचवावी लागली. जुनं म्हणजे जास्त खराब, हे गृहीतक इथे चालत नाही. मूळ सामग्री कोणती, ते आधी विचारा.

आता रसायनाकडे येऊ, कारण बहुतेक वाचक इथेच घसरतात.

रसायनशास्त्राच्या कुठल्याही विभागात चक्कर मारा, निम्मे लोक मिथिलीन ब्लूचा रंग घालवण्यात गुंतलेले दिसतील. उत्प्रेरक टाका, प्रकाश पाडा, दर दहा मिनिटांनी नमुना काढून अॅब्सॉर्बन्स मोजा, लॉगचा आलेख काढा, सरळ रेषा आली की प्रथम कोटीची अभिक्रिया. मीही त्यातलीच. फिल्मच्या डब्यात तेच घडतं, फक्त उत्प्रेरक नाही आणि मिनिटांच्या जागी वर्षं. ढोबळमानाने धरायचं तर ठरावीक काळात प्रत्येक जागचा रंग सारख्याच प्रमाणात घटतो. इथे ‘प्रमाणात’ हा शब्द महत्त्वाचा आहे.

उदाहरण म्हणून समजा, सायन थरातला ६० टक्के रंग उरला आहे. सायन हा लाल प्रकाश अडवतो. प्रिंटमध्ये गडद सावलीच्या जागी त्याची घनता २ होती, ती १.२ झाली. उजळ जागी ०.२ होती, ती ०.१२ झाली. घनता लॉगमध्ये असते हे तुम्हाला माहीत आहे, तेव्हा पार जाणारा लाल प्रकाश काढा. सावलीत आधी १ टक्का जायचा, आता ६.३ टक्के जातो, म्हणजे सहापटीहून जास्त. उजळ भागात आधी ६३ टक्के जायचा, आता ७६. म्हणजे जेमतेम १.२ पट.

म्हणून फिक्या प्रिंटमध्ये काळे केस तपकिरी-लाल दिसतात, पण आकाशातला ढग जवळजवळ ठीक असतो. आणि म्हणूनच मोबाईलमधला ‘व्हाइट बॅलन्स’ फिरवून काम भागत नाही. सावली सुधारायची म्हणून सगळ्या फ्रेमचा लाल प्रकाश ६.३ ने भागलात, तर सावली १ टक्क्यावर येईल खरी, पण ढगाचा लाल ७६ वरून १२ टक्क्यांवर कोसळेल आणि ढग हिरवट-निळा होईल. दुरुस्ती घनतेत करायला हवी: त्या थराची घनता ०.६ ने भागायची, मग दोन्ही जागा एकदम जागेवर येतात. जे लॉगमध्ये घडलं ते लॉगमध्येच उलटवायचं. निगेटिव्हमधून काम करत असाल तर चित्र उलटं: तिथे दाट भाग म्हणजे पडद्यावरचा उजेड, त्यामुळे रंगाची चूक सावलीऐवजी उजळ भागात जास्त दिसते. मूळ सामग्री निगेटिव्ह होती की प्रिंट, याचा अंदाज कधीकधी नुसत्या यावरूनही बांधता येतो.

प्रत्यक्षात आणखी गुंता आहे. सायन रंग फक्त लालच अडवतो असं नाही, थोडा हिरवाही अडवतो. बाकीच्या दोघांचंही तसंच. स्कॅनरचे तीन आकडे म्हणजे तीन रंगांची सरमिसळ असते आणि ती सोडवायला तीन बाय तीनची मॅट्रिक्स उलटवावी लागते. बी.एस्सी.ला मिश्रणातले दोन घटक एकाच वेळी अॅब्सॉर्बन्सवरून काढण्याचं प्रॅक्टिकल केलं असेल, तर हे त्याचंच मोठं भावंड.

शिवाय भागाकाराची किंमत मोजावी लागते. ०.६ ने भागलं की रंगासोबत फिल्मचा दाणा आणि स्कॅनरचा गोंगाटही १.६७ पट होतो. १० टक्केच रंग उरला असेल तर गोंगाट दहापट. त्यापलीकडे गणित तुम्हाला उत्तर देतंच, पण ते उत्तर सिनेमाचं नसतं. तिथून पुढे जे होतं ते पुनर्रचना, म्हणजे प्रशिक्षित माणसाचा किंवा प्रशिक्षित प्रणालीचा अंदाज. अंदाज वाईट असतो असं मी म्हणत नाही. तो मोजमापाच्या वेषात येऊ नये, इतकंच.

बरं, गणित जमलं असं धरू. मग पुढचा प्रश्न: ०.६ हा आकडा आणला कुठून? मूळ घनता २ होती हे कुणी सांगितलं? उलटवायला निघालोय, पण पोचायचं कुठे?

लोकांचं पहिलं उत्तर असतं, ‘पांढरं धोतर पांढरं दिसेपर्यंत’. करडी किंवा पांढरी वस्तू शोधून त्यावर गणित बसवणं ही सुरुवात म्हणून ठीक आहे. पण टेक्निकलरच्या काळात पांढरे कपडे मुद्दाम किंचित मळकट रंगवून घेत, कारण शुभ्र पांढरा पडद्यावर झळाळून डोळ्यांत खुपायचा. म्हणजे ते धोतर त्या दिवशी सेटवरही पांढरं नव्हतं. पोस्टर? ते लिथो छपाईचे, चित्रकाराच्या मर्जीचे रंग. राहिलेला एखादा पोशाख? कापडाचा रंगही उडतो, आणि फिल्मवर तो कसा उतरला हे कापड सांगत नाही. त्या काळातली टेक्निकलर प्रिंट मिळाली तर मात्र सोनंच, कारण तिचे रंग टिकतात. तरीही ती कार्बन आर्कच्या दिव्यासमोर बघायला बनवलेली होती. आजच्या प्रोजेक्टरचा प्रकाश वेगळा.

दुसरं उत्तर असतं, ‘नैसर्गिक दिसेपर्यंत’. आणि संगीतपटांच्या बाबतीत हे उत्तर सर्वात घातक आहे. ‘दो आंखें बारह हाथ’च्या चित्रीकरणात बैलाशी झुंजताना शांतारामांच्या डोळ्यांना इजा झाली आणि काही काळ त्यांना दिसत नव्हतं. त्यातून बाहेर आल्यावर त्यांनी केला तो ‘नवरंग’ (१९५९). ज्या माणसाने दृष्टी परत मिळाल्यावर नावातच नऊ रंग असलेला सिनेमा काढला, त्याला त्वचा आणि गवत ‘नैसर्गिक’ दिसावं एवढंच हवं होतं का? त्या चित्रपटातली नृत्यं बघा. रंग ओरडतात, आणि ते ओरडायलाच ठेवलेत. एखाद्या आजच्या रंगतज्ज्ञाने ते भडक वाटतात म्हणून वीस टक्के उतरवले तर प्रत छान, शांत, ‘क्लासिक’ दिसेल. कुणी तक्रारही करणार नाही. मला याचीच भीती वाटते, कारण गुलाबी प्रिंट निदान आपण बिघडलेली आहोत हे सांगते तरी.

यावर सर्वात चांगलं प्रमाण म्हणजे तो सिनेमा बनवणारी माणसं. श्याम बेनेगल यांच्या ‘मंथन’चं (१९७६) पुनरुज्जीवन फिल्म हेरिटेज फाउंडेशनने केलं. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेल्या मूळ कॅमेरा निगेटिव्हवरून काम झालं, आणि देखरेखीला स्वतः बेनेगल आणि छायाचित्रकार गोविंद निहलानी होते. मे २०२४ मध्ये ती प्रत कान महोत्सवात दाखवली गेली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बेनेगल गेले. थोडा उशीर झाला असता तर ‘ही पहाट किती निळी होती’ हे विचारायला दोघांपैकी एकच उरला असता. शांताराम १९९० मध्येच गेले. त्यांच्या रंगांबद्दल आता विचारायचं ते वस्तूंना: प्रिंटना, निगेटिव्हच्या कडांना, लॅबच्या कागदांना, असतील तर. संग्रहालयात प्रत्येक फिल्मच्या डब्यासोबत काय कागद आहेत ते बघणं हा खरंतर एका प्रबंधाचा विषय आहे, आणि त्याला पायथॉन लागत नाही.

‘मुघल-ए-आझम’चं नाव कुणीतरी काढेलच, म्हणून सांगून टाकते. १९६० चा तो सिनेमा बहुतांश कृष्णधवल, शीशमहालातलं गाणं आणि शेवटाकडचा भाग मात्र टेक्निकलर. २००४ मध्ये आला तो संपूर्ण रंगीत. त्यातला कृष्णधवल भाग रंगवला गेला, म्हणजे तिथे रंगाची मूळ नोंदच नव्हती. याला पुनरुज्जीवन म्हणू नका. पण एक गोष्ट मजेची आहे: एकाच सिनेमात मूळ रंगाचे आणि नंतर दिलेल्या रंगाचे भाग शेजारी शेजारी मिळतात. तुलना करायला याहून सोयीची सामग्री सापडणं कठीण.

आता घरच्या पडद्यापर्यंतचा प्रवास. तो थोडक्यात, कारण यातला बराच भाग तुम्हाला स्वतः तपासता येतो.

व्हीएचएस कॅसेटमध्ये एका आडव्या ओळीत रंगाच्या स्वतंत्र नोंदी चाळीस-पन्नासच्या आसपास बसायच्या. लाल साडी कडेबाहेर ओघळलेली दिसायची ती म्हणून. व्हीसीडीत चित्र ३५२ बाय २८८ बिंदूंचं, पण रंगाची माहिती त्याच्या चौथ्या हिश्शाची, म्हणजे १७६ बाय १४४: जेमतेम पंचवीस हजार नोंदी. ३५ मिमी फिल्मच्या एका फ्रेमच्या ४के स्कॅनमध्ये सव्वा कोटीच्या घरात बिंदू असतात. आपल्या पिढीने हे सिनेमे पहिल्यांदा व्हीसीडीवर पाहिले आणि ‘जुन्या सिनेमाचे रंग असेच असतात’ असं डोक्यात बसवून घेतलं.

डीव्हीडीत हे सुधारलं, पण दुसरं भूत शिरलं. उजळपणा आणि रंग वेगळे साठवताना एक सूत्र लागतं. जुन्या टीव्हीच्या मानकात, म्हणजे बीटी ६०१ मध्ये, उजळपणात हिरव्याचा वाटा ०.५८७ आणि लालचा ०.२९९. एचडीच्या बीटी ७०९ मध्ये तेच ०.७१५२ आणि ०.२१२६. डीव्हीडीवरून काढलेली फाइल एचडी म्हणून चढवताना कुणी सूत्र बदलायला विसरलं, की सगळे लाल-हिरवे थोडे सरकतात. कुंकू आणि वीट यांच्यातला फरक एवढ्यानेही पडू शकतो. यात ना शांतारामांचा हात, ना ईस्टमनकलरचा.

सुदैवाने हे दोन आजार वेगळे ओळखता येतात. सूत्राच्या चुकीत करडा रंग जागचा हलत नाही, कारण त्यात रंगाची नोंद शून्य असते; फक्त रंगीत वस्तू सरकतात. रंग उडालेल्या फिल्ममध्ये करडाच बिघडतो, आणि तोही सावलीत वेगळा, उजेडात वेगळा. सगळीकडे सारखाच बिघडला असेल तर तिसरी शक्यता: स्कॅन करताना किंवा नंतर कुणीतरी मुद्दाम एक छटा चढवली आहे. ‘जुना’ लूक म्हणून पिवळट छटा देण्याची सवय आपल्याकडे भरपूर आहे.

तेव्हा आराखड्यात ‘माहितीस्रोत: ऑनलाइन उपलब्ध व्हिडिओ’ असं लिहून पुढे जाऊ नका. प्रत कुठली, कशावरून स्कॅन केली, कुणाच्या देखरेखीखाली, कोणत्या मानकात साठवली, हे चार रकाने ठेवा. तीन रिकामे राहतील. राहू द्या, पण दिसू द्या. आणि विषय रंगांचाच हवा असेल तर प्रश्न थोडा वळवून बघा: ‘शांतारामांचे रंग कोणते’ याऐवजी ‘एकाच फ्रेमचे रंग प्रतीप्रतीत किती बदलतात’. याचं उत्तर तुमच्याकडच्या सामग्रीतून खरोखर मिळू शकतं.

सुरुवात या रविवारी करता येईल. एकाच गाण्याच्या जितक्या प्रती मिळतील तितक्या घ्या, त्याच त्या दहा फ्रेम निवडा. प्रत्येक फ्रेममध्ये करडी वाटणारी एक गडद, एक मध्यम आणि एक उजळ जागा शोधा. लाल, हिरवा, निळा यांचे आकडे आधी गॅमा काढून सरळ करा, मग लॉग घ्या, आणि लाल वजा हिरवा असा आलेख उजळपणासमोर काढा. रेषा सपाट आणि शून्यावर आली तर करडा शाबूत आहे. रंगीत वस्तू तरीही वेगळ्या दिसत असतील तर सूत्र तपासा. सपाट पण शून्यापासून सरकलेली असेल तर छटा. तिरकी असेल तर रंग उडालाय, आणि उतार कुठल्या टोकाला वाढतो त्यावरून प्रिंट की निगेटिव्ह याचाही अंदाज करून बघा. आलेख निघाले की खाली टाका, कोणत्या प्रती घेतल्या ते मात्र लिहा.